मदत हवी आहे: फिल्म जतन करायचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार, मी मूळची कराडची, वय २५, बी.एस्सी. केमिस्ट्री, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी करते. माझ्या आजोबांची टुरिंग टॉकीज होती, जत्रेत तंबू ठोकून सिनेमे दाखवायचे. ते गेल्यावर यंदा माळा आवरताना पत्र्याचे नऊ डबे सापडले आणि उघडले तर व्हिनेगरचा असला उग्र वास की डोळ्यांतून पाणीच आलं. दोन डब्यांतल्या फिल्मचा तर पार गठ्ठा झालाय, कडा लाटेसारख्या वाकल्यात. काका म्हणाले भंगारात दे, पूर्वी चांदी काढायला लोक विकत घ्यायचे. माझं मनच होईना.

मग वाचत बसले. हा वास ॲसिटेट बेस (फिल्मची प्लॅस्टिकसारखी पट्टी) तुटून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच ॲसिड, सुटल्याचा, म्हणजे माझाच विषय की! २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म्सना (जुन्या काळच्या, पटकन पेट घेणाऱ्या) आग लागली होती तेही तेव्हाच कळलं. आणि मूकपटाच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या वर सिनेमे झाले, त्यातले अगदी थोडे उरलेत, हे वाचून रात्री झोप नाही लागली.

तर मला हेच काम करायचंय. नुसतं स्कॅनिंग नाही, फिल्म हाताने तपासणं, जोडणं, साफ करणं. लॉ कॉलेज रोडवरचं फिल्म अर्काइव्ह माझ्या रूमपासून जवळ आहे, पण २०२२ मध्ये ते एनएफडीसीत (सरकारचं चित्रपट विकास महामंडळ) गेलं, आता बाहेरच्या माणसाने कोणाला विचारायचं? केमिस्ट्रीवाल्याला चालतं का, की आधी सिनेमाचा नाहीतर लायब्ररी सायन्सचा कोर्स लागेल? घरचे म्हणतात चांगली नोकरी सोडू नको. आणि तोवर या डब्यांचं काय करू?

प्रतिसाद १:
आधी डबे बघ. प्रोजेक्टरवर अजिबात चढवू नकोस आणि चिकटलेलं रीळ ओढून सोडवू नकोस, तुकडे पडतील. वास येणारे डबे बाकीच्यांपासून लांब ठेव कारण ॲसिडची वाफ चांगल्या फिल्मलाही धरते. माळ्यावरून खाली आण, घरातल्या सगळ्यात थंड कोरड्या जागी ठेव. कडेला 'सेफ्टी' छापलंय का बघ, नसेल आणि फिल्म फार जुनी असेल तर नायट्रेट असू शकते, मग घरात ठेवायचीच नाही, सरळ अर्काइव्हला कळव.

शिकायचं म्हणशील तर मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून वर्कशॉप घेते, फियाफची (जगभरच्या फिल्म अर्काइव्हजची संघटना) माणसं येऊन शिकवतात, प्रत्यक्ष फिल्म हातात देतात. नोकरी न सोडता रजा काढून जमेल, तेच आधी कर. त्यानंतरही हेच करावंसं वाटलं तर अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज ईस्टमन म्युझियमचा सेल्झनिक स्कूलचा एक वर्षाचा कोर्स आहे, ॲमस्टरडॅमला मास्टर्स आहे, पण दोन्ही महाग, स्कॉलरशिप बघूनच पाऊल टाक. केमिस्ट्री तर तुझी जमेची बाजू, ॲसिड कसं पसरतं हे तुला वेगळं शिकवायला नको.

मी (धागाकर्ती):
खूप आभार! आत्ताच आईला फोन केला, डबे खालच्या खोलीत हलवतेय, वासाचे दोन वेगळे. एका कडेला बारीक अक्षरात 'सेफ्टी' दिसतंय म्हणाली, बाकीचे रविवारी जाऊन बघते. अजून एकच, वर्कशॉपला अर्ज करताना आजोबांच्या या डब्यांबद्दल लिहावं का? तिथे जाऊन आलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा.