मुंगूस घरचंच होतं की
ताई, पोराला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसालाच बाई 'यानं पोर खाल्लं' समजून मारते, त्या गोष्टीचा अर्थ तुम्ही 'घाई करू नये' असा लावलात. पंचतंत्रात ती 'अपरीक्षितकारक' (नीट न पारखता केलेलं काम) या भागात येते, म्हणजे ते खरंच. पण मला तिच्यात घर राखण्याची बाजू मोठी वाटते. बाईनं मुंगसाला पोटच्या पोरासारखं अंगावर पाजून वाढवलं, तरी 'शेवटी जात मुंगसाचीच' ही शंका काही जात नाही. म्हणून तर रक्ताळलेलं तोंड दिसताच तिनं पाण्याचा घडा त्याच्यावर घातला. मुंगसाला मात्र असली शंका नव्हती. पोर त्याचा भाऊ, साप आला की भिडायचं, बस्स. (हितोपदेशातल्या गोष्टीत मुंगसाला पोराचा बापच मारतो.)

आमच्या वर्धेकडे हे काही लांबचं वाटत नाही. कापूस वेचायला आलेली माय धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडाला लुगड्याची झोळी बांधते अन् राखणीला थोरल्या पोरीला बसवते. वावरात सापाची भीती असतेच.

आणि बापाबद्दल इथं कोणीच कसं बोललं नाही? बायको 'पोराकडे लक्ष ठेवा' सांगून पाण्याला गेली, अन् हे महाशय घर उघडं टाकून भिक्षेला निघाले. पंचतंत्रात शेवटी तीच त्याला लोभी म्हणून झाडते.