बिपन चंद्र वाचताना पुढेच सरकत नाहीये, तुम्ही कसं वाचता?

पेन्सिलवाला:
राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली म्हणून मोठ्या हौसेने बिपन चंद्रांचं इंडियाज स्ट्रगल फॉर इंडिपेंडन्स आणलं. भाषा सोपी आहे म्हणतात सगळे, आहेच सोपी, पण हाताला काही लागत नाही. मला हवं होतं १८८५, मुंबई, ७२ प्रतिनिधी, बास. तर हा माणूस काँग्रेस का स्थापन झाली यावर दोन प्रकरणं घालवतो आणि त्यातलं पहिलं तर नुसतं दुसऱ्यांची मतं खोडण्यातच जातं. हायलायटर घेऊन बसलो तर अख्खं पान पिवळं. सोडून सरळ ग्रोव्हर-बेल्हेकरांचं परीक्षेचं मराठी पुस्तक घेऊ का?

चहाबाज:
अरे तो इतिहास सांगत नाहीये, भांडतोय. ते सेफ्टी व्हॉल्व्हचं प्रकरण परत वाच, रहस्यकथा आहे नुसती. काँग्रेस स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याला म्हणे सात खंड भरून गुप्त अहवाल बघायला मिळाले, देशात असंतोष खदखदतोय वगैरे, म्हणून वाफ बाहेर काढायला काँग्रेस काढली, ही थिअरी लाला लजपतरायांपासून कम्युनिस्ट रजनी पामे दत्तपर्यंत सगळ्यांनी वापरली. मग हा हळूच विचारतो, खंड आहेत कुठे? अर्काइव्हजमध्ये नाहीत. ह्यूम शेती-महसूल खात्यात, त्याला गृहखात्याचे कागद दाखवतंय कोण? आणि शेवटी निघतं काय तर ते अहवाल आले होते अध्यात्मिक गुरू आणि त्यांच्या चेल्यांकडून! मी एसटीत एकटाच हसत होतो. अधोरेखित करूच नकोस, मार्जिनमध्ये फक्त लिही की इथे कोणाशी भांडण चाललंय.

सुपारी_कात्री:
वकील भारी आहे मान्य, पण अशील आधीच ठरलेलं असतं ना. संघर्ष-विराम-संघर्ष, म्हणजे लढा, मग थांबा, मग परत लढा, हे सूत्र एकदा हातात आलं की १९२२ ला असहकार आंदोलन मागे घेतलं ते बरोबर, १९३१ चा गांधी-आयर्विन करारही बरोबर, काँग्रेस नेतृत्व चुकलं असं फारसं कुठे निघतच नाही. शेजारी सुमित सरकारांचं मॉडर्न इंडिया ठेव, तिथे शेतकरी, कामगार, आदिवासी नेत्यांना न विचारता काय काय करत होते ते दिसतं. वाचायला मात्र जड आहे, आधीच सांगतो.

पानगळ:
आणि एक, इंडियाज स्ट्रगलमधली सगळी प्रकरणं बिपन चंद्रांची नाहीत. मृदुला मुखर्जी, आदित्य मुखर्जी, पणिक्कर, सुचेता महाजन पण आहेत, म्हणून मधेच सूर बदलल्यासारखा वाटतो. त्यांचा स्वतःचा जीव मवाळांच्या अर्थशास्त्रात. आपण शाळेत अर्ज-विनंत्यावाले म्हणून हसायचो त्या दादाभाई, रानड्यांना त्यांनी किती सीरियसली घेतलंय बघ.

पेन्सिलवाला:
चेल्यांचं मी वाचलंच नव्हतं की, पानं उलटली होती. आज रात्री परत बसतो, हायलायटर भावाला देऊन टाकलाय.