फुंकायची टेस्ट नॉर्मल, पण दम्याच्या फॉर्मचा स्कोअर कमी. असं कसं?

निशाचर: बहिणीला लहानपणापासून दमा आहे. यावेळी स्पायरोमेट्री, म्हणजे ती फुंकायची टेस्ट, जवळपास नॉर्मल आली म्हणून आम्ही खुश, तर डॉक्टरांनी ३२ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, त्यात सरासरी ४.१ आली आणि म्हणाले हे काही बरं नाही. मग खरं काय धरायचं, मशीन की फॉर्म? फॉर्ममध्ये माणूस मनाला येईल ते लिहितो ना.

पानगळ: एक्यूएलक्यू असणार तो, म्हणजे 'अस्थमा क्वालिटी ऑफ लाइफ क्वेश्चनेअर', दम्यामुळे रोजचं जगणं किती अडतं ते विचारणारा फॉर्म. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत एलिझाबेथ ज्युनिपर आणि त्यांच्या टीमने बनवला, १९९२ पासूनचा आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, १ ते ७, ७ म्हणजे काहीच त्रास नाही. दोन्ही खरंच आहे हो, मशीन त्या वेळची फुंक मोजतं, रात्री खोकून उठणं किंवा धुराच्या भीतीने कुठे जायचंच टाळणं त्याला कुठून कळणार, त्यामुळे दोन्हींचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. आणि नुसती सरासरी बघू नका. लक्षणं, कामांवरची बंधनं, मन आणि धूळ-धूर असे चार भाग असतात त्यात, ते वेगवेगळे मागून घ्या.

चहाटळ: आम्हाला तर पाचच प्रश्न होते, २५ पैकी मार्क. २० च्या वर म्हणजे पास म्हणे 😀

पानगळ: ती एसीटी, म्हणजे 'अस्थमा कंट्रोल टेस्ट', वेगळी. ती चार आठवड्यांत दमा किती कंट्रोलमध्ये आहे ते बघते, आणि २० धरूनच वर. जगणं एकूण किती अडलंय हे मोजणं तिचं मुख्य काम नाही.

रानवाट: एक गोम आहे. माझी आई 'जिना चढताना त्रास नाही' लिहायची, कारण जिना चढणंच सोडलं होतं तिने! मूळ फॉर्ममध्ये पाच कामं पेशंटने स्वतः निवडायची असत, नंतरच्या स्टँडर्ड फॉर्ममध्ये ती ठरवून दिली. मला जुनी पद्धत जास्त पटते, ज्याला जे करायचंय त्याबद्दलच विचारा की.

निशाचर: भाग मागवले. लक्षणं ४.९ आणि मनाचा भाग २.४!! औषध जवळ नसेल तर भीती वाटते का, याला तिने १ दिलाय. घरात कोणाला पत्ताच नव्हता.

पानगळ: मग पुढच्या व्हिजिटला हेच आधी काढा. पुन्हा फॉर्म भराल तेव्हा साधारण अर्ध्या पॉइंटचा फरक पडला तर तो पेशंटला जाणवण्याइतका धरतात, त्याहून कमी असेल तर फार मनावर घेऊ नका.