घरातून मारहाणीचा आवाज आला की बचत गटाने नेमकं काय करायचं? (तासगाव तालुका)

गटप्रेरिका_तासगाव
महिला ग्रामसभेत ठरलंय की कुणाच्या घरी मारहाण होतेय असं कळलं की गटातल्या तिघींनी लगेच जायचं. पण तिथे काय बोलायचं, पुढे कागद कोणता करायचा, यावर एकमत होत नाही. तंटामुक्ती समितीतले काहीजण म्हणतात, नवऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ आणि मिटवू. गटाने तक्रार दिली तर पोलीस घेतात का? माहीत असणाऱ्यांनी सविस्तर सांगा, गटाच्या बैठकीत वाचून दाखवायचंय.

कोर्टकाम_मिरज
ताई, स्टॅम्पपेपरचं आधी सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. "पुन्हा हात उचलणार नाही" असं लिहून दिलेला कागद मोडला तर तेवढ्यावर पोलीस त्याला उचलू शकत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश मोडला, तर तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा आहे: १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाईला हा दुसरा कागद हवा. समितीने मिटवामिटवीत पडूच नये, तिच्याबरोबर न्यायालयात उभं राहावं.

आता गटाची तक्रार. नवऱ्याच्या किंवा सासरच्या छळाचा गुन्हा (पूर्वीचं ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) दखलपात्र ठरतो तो तिने स्वतः किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्यातल्या माणसाने माहिती दिली तर. शेजारणीच्या तक्रारीवर तो सहसा नोंदत नाहीत. मग साध्या मारहाणीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि सगळ्यांना वाटतं "केस झाली". एनसीवर न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. म्हणून तिच्या आईला किंवा भावाला त्याच दिवशी बोलावून घ्या.

संरक्षण अधिकाऱ्याला (२००५ च्या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) मात्र कुणीही कळवू शकतं, त्याच कायद्याचं कलम ४ तेच सांगतं. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. अधिकारी घटना अहवाल भरतात, त्याला आम्ही डीआयआर म्हणतो. संरक्षण आदेशाचा अर्ज माहेरच्या तालुक्यातही चालतो: नांदत होती कराडला आणि माहेरी आली पलूसला, तर पलूसकडच्या न्यायालयात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. अर्जासोबत अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या) आदेशाचं शपथपत्र जोडायला विसरू नका, नाहीतर नुसत्या तारखा पडत राहतात. नवऱ्याचा घरचा पत्ता द्या, कामाचं ठिकाणही द्या. नोटीस बजावली न जाणं हे उशिराचं मोठं कारण आहे.

सिस्टर_ग्रामीण_रुग्णालय
दवाखान्याचं मी सांगते. केसपेपरवर "पडले" लिहिलं की पुढे सगळं अडतं. डॉक्टरांना सरळ सांगायचं: कुणी मारलं, कशाने, किती वाजता, आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) नोंदवा म्हणायचं. पोलिसांचं पत्र नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

हळद लावायच्या आधी फोटो काढा. एक चेहऱ्यासकट, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. सावळ्या कातडीवर वळ पहिल्या दिवशी नीट दिसत नाहीत, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात टाकू नका. तिची अब्रू तर जातेच, शिवाय फोटोची तारीख आणि स्पष्टपणाही जातो.

दोन गोष्टी फार जिवाच्या आहेत. कानशिलात बसली आणि कानात गुंई आवाज येतोय किंवा कमी ऐकू येतंय, तर कानात कोमट तेल घालू नका. पडदा फाटलेला असू शकतो. आणि गळा दाबला असेल तर बाहेर खूण नसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके ही लक्षणं धोक्याची. सूज नंतर वाढते.

विट्याची_कार्यकर्ती
दारात गेल्यावर "का मारतोस?" विचारू नका. आपण निघालो की त्याचा राग तिच्यावर निघतो. कडी वाजवा, त्यालाच हाक मारून बाहेर बोलावा: "भाऊ, जरा मोटार बघता का, पाणी येईना." तोवर एकजण तिच्याशी बोलेल. दोघांच्या मध्ये कुणी शिरू नका. हातात विळा, कोयता दिसला तर मागे सरा आणि ११२ लावा. हा फोन कुणीही करू शकतं. वहीत तारीख, वेळ आणि कानांनी ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा.

गटप्रेरिका_तासगाव
आणि बाईच म्हणाली, "आक्का, नको, तुम्ही जावा", तर?

विट्याची_कार्यकर्ती
तर तिच्या मनाविरुद्ध अर्ज नको. दुसऱ्या दिवशी पाण्याला किंवा दळणाला ती एकटी भेटेल तेव्हा महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर सांगा, कागदावर नको, तोंडपाठ करून घ्या. आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका यांच्या झेरॉक्स आणि एसटीपुरते पैसे एका पिशवीत घालून दोन गल्ल्या पलीकडच्या घरी ठेवा. लगतच्या घरी नको, तिथे तो पहिल्यांदा शोधतो. एक खुणेचा निरोपही ठरवा. पोरगं "आईने विरजण मागितलंय" म्हणत आलं, की तिघींनी निघायचं.