पॉवर प्रेसमध्ये बोट गेलं, मालक सही मागतोय. करावी का?

चाकणचा_भाऊ
धाकटा भाऊ चाकणला एका शीट मेटलच्या वर्कशॉपमध्ये ठेकेदाराकडून हेल्पर आहे. मागच्या आठवड्यात नाइट शिफ्टला उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. तो सांगतो, पॅडल एकदाच दाबलं, पीस काढायला हात घातला आणि प्रेस परत खाली आला. मालकानं खासगी दवाखान्यात टाके घालून आणले. आता ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ असं टाइप केलेल्या कागदावर सही मागतायत. ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे पैसे पगारातून कापतात, पण कार्ड कधी दिलं नाही.

जुना_टूलरूमवाला
सही अजिबात नको. उभी हयात भोसरीत प्रेसवर डाय म्हणजे साचे बसवण्यात गेली म्हणून सांगतो. जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये फिरतं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, एका पिननं शाफ्टला जोडलं जातं. पिन किंवा स्प्रिंग झिजली की पिन वेळेवर सुटत नाही, फ्लायव्हील शाफ्टला परत ओढून नेतं. प्रेस डबल पडतो तो असा. यात पोराची चूक कुठं आली? त्यावर हात ओळखणारा सेन्सर लावून मिरवणारेही बघितलेत. पिन एकदा गुंतली की फेरा पुरा झाल्याशिवाय रॅम, म्हणजे खाली येणारा ठोकळा, थांबतच नाही, सेन्सर काय करणार कपाळ! डायपुढं हात जाणारच नाही अशी पक्की जाळी लागते. असते हो जाळी, मशीनमागं टेकवून ठेवलेली, तिच्यामुळं तासाचे पीस कमी पडतात ना. क्लच खोलून दुरुस्त करायच्या आत मशीनचे फोटो मिळवा. शेजारच्या मशीनवर कोण होतं तेही लिहून ठेवा.

ईएसआय_जाणकार
ठेकेदाराचा कामगार असला तरी हक्क आहेच. कामावरच्या अपघाताला आधी इतके दिवस वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. मालकाला फॉर्म 12 म्हणजे अपघाताचा रिपोर्ट भरायला लावा. ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल तोवर सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात. मग मेडिकल बोर्ड अपंगत्व ठरवतं. तर्जनीची दोन पेरं गेली तर कायद्याच्या कोष्टकात कमाईची ताकद 11 टक्के घटली असं धरतात, त्या हिशोबानं कायमचा लाभ बसतो.

चाकणचा_भाऊ
काका, सही थांबवली. पण पगाराची स्लिपच देत नाहीत, विमा नंबर कुठून आणू?

ईएसआय_जाणकार
आधार आणि पासबुक घेऊन ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला जा. नोंदच सापडली नाही तर तसं लेखी द्या. ठेकेदारानं वर्गणी बुडवली तरी मूळ मालक सुटत नाही.

जुना_टूलरूमवाला
आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातही एक अर्ज टाका. ठेकेदाराच्या नावानं नको, कारखान्याच्या नावानं. पोच घेतल्याशिवाय उठू नका.