पेप्टाइडच्या स्पेक्ट्रममध्ये १५७.१३ आणि १२०.०८ हे कुठले आयन?

निफाडकर_एमएस्सी
नमस्कार. नाशिकला बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. काकांच्या बागेतली भुरी आलेली द्राक्षाची पानं घेतली, प्रथिनं काढून ट्रिप्सिन या एन्झाइमनं कापली, नमुने बाहेरून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये एचसीडीवर (पेप्टाइड वायूवर आदळवून तोडायची पद्धत) चालवून आणले. सॉफ्टवेअरनं ४०२.२३७ ला (वस्तुमान भागिले भार), दोन भारांचं, ए-एल-व्ही-पी-ई-एफ-के हे पेप्टाइड दिलंय, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, एका अक्षराला एक आम्ल. गाईड म्हणाल्या, हातानं जुळवून दाखव. वाय आयन (साखळीच्या शेवटाकडचे तुकडे) जुळतात, पण १५७.१३ आणि १२०.०८ कशातच बसत नाहीत. बी आयन (सुरुवातीकडचे तुकडे) तर बी-३च्या पुढचे जवळजवळ नाहीतच. ५२०.२८ मात्र सगळ्यांत उंच. पेप्टाइड चुकीचं आलंय का? दोन रात्री या एकाच स्पेक्ट्रमवर बसलेय.

सातपूर_लॅब
अगं, चुकीचं नाही वाटत. आधी वाय-१ बघ. शेवटी लायसिन असेल तर १४७.११, आर्जिनिन असेल तर १७५.१२. मी कुठलाही स्पेक्ट्रम तिथूनच सुरू करते.

आता १५७.१३ मध्ये २७.९९५ मिळव. १८५.१३ येतं, तो तुझा बी-२. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघून गेला की ए-२ उरतो. ट्रिप्सिननं कापलेल्या पेप्टाइडांत ही जोडी नेहमी भेटते. १२०.०८ हा फेनिलअॅलानिनचा इमोनियम आयन, म्हणजे त्या एकट्या अमिनो आम्लाचा तुकडा. ५२०.२८ हा वाय-४, प्रोलिनपासून सुरू होणारा. प्रोलिनच्या अलीकडचा बंध फार सहज तुटतो, त्यामुळे तिथं उंच पीक (स्पेक्ट्रममधलं शिखर) नसतं तर मला शंका आली असती. मोठे बी आयन एचसीडीत पुढे आणखी तुटतात, म्हणून ते फिके.

एक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी अहवालात मी प्रत्येक बारीकशा पीकला अक्षर चिकटवलं होतं, पाणी गेलेला, अमोनिया गेलेला, जे बसेल ते. वरिष्ठ बाईंनी पेन्सिल हातात दिली आणि म्हणाल्या, बी आणि वायच्या जोड्यांची बेरीज कर. अर्धी अक्षरं खोडली. तूही कर: बी-२ आणि वाय-५ मिळून ४०२.२३७ची दुप्पट यायला हवी.

निफाडकर_एमएस्सी
ताई, १८५.१३ आणि ६१९.३४, बेरीज ८०४.४७. आली! वाय-६ पण आहे, ७३२.४३ ला, अगदी बारीक.

गंगापूररोड_पीएचडी
तो वाय-६ जपून ठेव. बी-१ सहसा दिसत नाही, त्यामुळे ए आधी की एल आधी हे एकट्या बी-२वरून कळत नाही. आणि तो एल ल्युसिन की आयसोल्युसिन, हे या स्पेक्ट्रमवरून ठरत नाही. दोघांचं वस्तुमान ११३.०८४च. प्रबंधात तसं स्पष्ट लिही.

पुढे फॉस्फोरिलेशन (प्रथिनाला फॉस्फेट जोडलं जाणं) बघणार असशील तर ईटीडीचा (इलेक्ट्रॉन देऊन पेप्टाइड तोडायची पद्धत) विचार कर. तिथं बी-वायऐवजी सी आणि झेड आयन मिळतात आणि फॉस्फेट जागेवर टिकतं. एचसीडीत सेरीन-थ्रिओनिनवरचं फॉस्फेट ९७.९८ घेऊन निघून जातं. मात्र ईटीडीत प्रोलिनच्या अलीकडचा तुकडा मिळत नाही, म्हणजे तुझं हे ५२०.२८ तिथं शोधू नकोस.

सातपूर_लॅब
बरोबर. आणि आकडे लिहिताना चार दशांश ठेव गं, दोनवर जी-व्ही काय आणि एकटं आर्जिनिन काय, घाईत सगळं सारखंच वाटतं.