भूकंपानंतर ड्रेनेज बंद, मैदानात २,००० माणसं: शौचालयांचं गणित कसं मांडायचं?

प्रश्न
भूकंपात शहराच्या एका भागातली ड्रेनेज लाईन निकामी झाली आहे. मैदानात २,००० माणसं तंबूत आहेत. एक मीटरवरच पाणी लागतं, म्हणजे खड्ड्याची शौचालयं बाद. सीट किती लागतील?

उत्तर १
स्फिअरच्या (आपत्तीतल्या मदतकामाचे आंतरराष्ट्रीय किमान निकष) हिशोबाने सुरुवातीला ५० माणसांमागे एक, म्हणजे ४०. मग लवकरात लवकर २० माणसांमागे एक. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, म्हणून ४० पैकी ३० त्यांच्या. आतून कडी आणि रात्री दिवा हवाच, नाहीतर अंधार पडल्यावर तिकडे कोणी फिरकत नाही.

सीट चौथऱ्यावर, खाली टाकी. पण खरी अडचण उपशाची आहे. पाणी धरून माणशी रोज ५ लिटर धरा. ५० माणसांचे २५० झाले. हजार लिटरची टाकी ८०० च्या वर भरू द्यायची नाही, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी उपसा. एकूण रोज १०,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरच्या टँकरच्या दोन खेपा, एकही दिवस न चुकता. टँकर कुठे रिकामा करणार, हे सीट बसवतानाच ठरवा.

प्रश्नकर्ता
मैला प्रक्रिया केंद्रही बंद आहे. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली तर?

उत्तर २
नको. मैल्यातला सेंद्रिय भागच क्लोरीन खाऊन टाकतो, जंतू तसेच राहतात. विरवलेला चुना वापरा, तोही आधी बादलीत तपासून. १० लिटर मैल्यात १०० ग्रॅम चुना पाण्यात कालवून घाला, दांड्याने तळापर्यंत ढवळा आणि रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने सामू (pH) बघा. तो १२ च्या वर निदान दोन तास टिकला पाहिजे. उतरला तर चुना वाढवा. नुसता वरून भुरभुरला तर वरचा थर पांढरा दिसतो, खाली काहीच होत नाही. अमोनिया सुटतो, म्हणून काम उघड्यावर; डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. आणि प्रत्येक शौचालयात झाकणाचा डबा ठेवा. सक्शन पाईप तुंबतो तो चिंध्या आणि पॅडमुळे.

उत्तर ३
लाईनचं कामही आजच सुरू करा. लागोपाठची दोन चेंबर उघडून बघा: वरचं तुडुंब आणि खालचं कोरडं असेल तर दोष त्या टप्प्यात. २०११ च्या भूकंपात न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला हादऱ्यांनी जमीन चिखलासारखी पातळ होऊन रेती-गाळ वाहिन्यांत भरला होता. तुमच्याकडेही भूजल इतकं वर असेल तर तीच शक्यता धरा. अशा वेळी नुसतं जेटिंग (जोराच्या पाण्याने वाहिनी धुणं) करून भागत नाही. तडा राहिला तर तिथूनच रेती पुन्हा आत येते. आधी गाळ काढा, मग कॅमेरा फिरवा.

चेंबरमध्ये माणूस मात्र उतरवू नका. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, आणि तो वाढला की त्याचा वास येणंच बंद होतं.